गोवंडीतल्या आठवीला प्रेरणा कुठून आणायची?

सर, तुमचा प्रश्न वाचला. मुंबईत गोवंडीतल्या महापालिका शाळेत तुमचं तिसरं वर्ष, मराठी माध्यमाची आठवी, पटावर ४१ मुलं आणि रोज हजर पंचवीस ते अठ्ठावीस. "मुलांना शिकायचंच नाहीये. थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगितल्या, व्हिडिओ दाखवले, बक्षिसं लावली. दोन दिवस उत्साह, मग जैसे थे. पालकांनाही पडलेली नाही. सहकारी म्हणतात, नापास करत नाहीत म्हणून हे असं झालंय. यांना प्रेरणा द्यायची तरी कशी?" असं तुम्ही विचारलंय. मी याच पट्ट्यात, म्हणजे शिवाजीनगर, बैंगनवाडी, मानखुर्द, चिता कॅम्प या वस्त्यांतल्या मुलांना २४ वर्षं शिकवतेय. त्यातली पहिली आठ-दहा वर्षं माझाही हाच प्रश्न होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या मते तुमच्यापुढचा प्रश्न प्रेरणेचा नाहीच. जो मुलगा पहाटे उठून पाण्याची रांग धरतो, आईला चार कॅन भरून देतो आणि तरीही सव्वासातला वर्गात येऊन बसतो, त्याला शिकायचं नाही असं मी तरी म्हणणार नाही. तो येतोय. पण तिसरी-चौथीच्या आसपास कधीतरी वर्ग पुढे गेला आणि तो मागे राहिला, तेव्हापासून वर्गात जे चाललंय ते त्याच्या डोक्यावरून जातंय. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवी २२० दिवस शाळा भरते. तिसरी ते सातवीचा हिशेब करा, हजाराच्या वर दिवस होतात. इतके दिवस न कळणारं ऐकत बसलं की कुठलंही मूल वर्गात बसूनही वर्गात नसण्याची सवय लावून घेतं. तुम्हाला आठवीत दिसतेय ती ही सवय. तिच्यावर भाषणाचा उपाय चालत नाही, कारण भाषण संपल्यावर पुस्तक उघडायचं असतं आणि पुस्तक तेच असतं.

एक मुलगा सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीत होता. शेवटचा बाक, भिंतीकडची बाजू. वाचायला उभं केलं की कधी त्याला तहान लागायची, कधी पुस्तक घरी राहिलेलं असायचं, कधी शेजारच्याची खोडी काढून तो ओरडा ओढवून घ्यायचा. मस्तीखोर म्हणून शाळाभर नाव. त्याला माझा ओरडा परवडत होता, चाळीस पोरांसमोर अडखळणं परवडत नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला सप्टेंबर उजाडला.

एका शनिवारी मधल्या सुट्टीत तो जिन्यात एकटा बसलेला दिसला. बोटांवर बारीक चिरा, त्यांत काळं बसलेलं. विचारलं तर म्हणाला, "मामाच्या भंगाराच्या गाळ्यावर माल निवडतो, टीचर." मीही पायरीवर बसले. म्हटलं, पत्र्याला काय भाव मिळतो? "अठ्ठावीस." आणि साडेतीन किलो आणला तर? "अठ्ठ्याण्णव," पापणी लवायच्या आत. वर म्हणाला, "पण पंच्याण्णवच हातात येतात. पावसात माल ओला असतो ना, वजनात कापतात." दोनच दिवसांपूर्वीच्या चाचणीत २.५ × २४ या गणितापुढे याच मुलाने एक आडवी रेघ मारून ठेवली होती.

मग तिथेच त्याला दुसरीच्या पातळीची एक गोष्ट वाचायला दिली. साधे शब्द सावकाश आले. 'रस्त्यावर' आला आणि गाडी थांबली. 'रस...ता...वर' असं काहीतरी म्हणून त्याने जिन्यात कोणी येतंय का ते पाहिलं. एवढंच होतं सर. जोडाक्षरं. कुणी तरी तिसरीत त्याला शांतपणे पंधरा दिवस जोडाक्षरांवर बसवायला हवं होतं, ते राहून गेलं, आणि आठवीत आम्ही त्याच्यापुढे 'अभिक्रिया' आणि 'गुणधर्म' वाचत होतो.

हिशेबाचं म्हणाल तर ते एकट्या त्या मुलाचं नव्हतं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की ही मुलं गिऱ्हाइकाचे अवघड हिशेब तोंडी बिनचूक करतात आणि कागदावर मांडलेल्या त्याहून सोप्या गणितांना अडतात. शाळेतल्या मुलांचं उलटं होतं, कागदावरचं जमतं, बाजारातलं जमत नाही. म्हणजे डोकं कमी नाही, दोन गणितांमधला पूल कोणी बांधलेला नाही. तो बांधायचं काम आपलं.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते आधीच सांगते, नाहीतर माझं जसंच्या तसं करायला जाल आणि अडाल. तुमचा वर्ग सकाळचा की दुपारचा? दुपारच्या मुलांचं सकाळचं काम शाळेच्या आधी होऊन जातं, ती दमून येतात. सकाळची मुलं उपाशी येतात, खिचडी येईपर्यंत पहिले दोन तास कोरडे जातात. घरची भाषा कोणती? मराठी माध्यम असलं तरी घरात पारधी, वडारी, बंजारा, हिंदी काहीही असू शकतं. तुमची शाळा आठवीला संपते की दहावीपर्यंत आहे? हा सगळ्यांत मोठा फरक, त्यावर पुढे लिहिते. आणि मुख्याध्यापक तुमच्या बाजूने आहेत का? पुढे सांगते त्या कामासाठी रोजच्या तासिकांतला पाऊण तास काढायचा तर त्यांची संमती हवी. ती नसेल तर शाळा भरण्याआधीचा अर्धा तास वापरा. मी चार वर्षं तसंच केलं.

सुरुवात कुठून करायची? प्रत्येक मूल कुठे अडलंय ते पाहण्यापासून. एका कागदावर अक्षरं, साधे शब्द, चार वाक्यांचा परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट, बास. एकेका मुलाला बाजूला घ्या, वर्गासमोर नको, दोन-तीन मिनिटं पुरतात. ४१ मुलं आठवड्यात होतात. तसंच गणितात हातच्याची वजाबाकी आणि एक भागाकार. निकाल पाहून धक्का बसेल, पण तो चेहऱ्यावर दिसू देऊ नका. पोरं आपला चेहरा पुस्तकापेक्षा लवकर वाचतात.

मग रोज पाऊण तास इयत्ता विसरायची. अडलेल्या जागेप्रमाणे गट करायचे आणि प्रत्येक गटाला तिथूनच पुढे न्यायचं. यात नवीन काहीच नाही, मुंबईतच हे करून पाहिलेलं आहे. १९९५ पासून इथल्या वस्त्यांत काम करणाऱ्या 'प्रथम' या संस्थेने बालसखी म्हणून उपक्रम चालवला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वेगळी बसवायची, शिकवायला वस्तीतलीच शिकलेली मुलगी, तिला प्रशिक्षण जेमतेम दोन आठवड्यांचं. मुंबई आणि वडोदऱ्यात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचं रीतसर मोजमाप केलं, ते २००७ साली प्रसिद्ध झालं. सर्वांत मागे असलेल्या मुलांची प्रगती सर्वांत जास्त दिसली. त्या मुलींकडे ना डी.एड. होतं ना स्मार्ट बोर्ड. मूल जिथे आहे तिथून शिकवायची मुभा होती.

आठवीच्या मुलाला मात्र दुसरीचं पुस्तक हातात देऊ नका, तो अपमान आहे. त्याच जोडाक्षरांसाठी बसच्या पाट्या घ्या, गॅसची पावती, क्रिकेटची बातमी, मोबाइल रिचार्जची जाहिरात. त्या मुलाला मी पहिल्या आठवड्यात फक्त स्टेशनांची आणि रस्त्यांची नावं वाचायला दिली. गणितात त्याच्याच गाळ्याचा हिशेब आधी तोंडी, मग त्याच्याच तोंडून ऐकून मी फळ्यावर, मग त्याने वहीत. 'साडेतीन' हेच ३.५ आहे, हे तेरा वर्षांच्या मुलाला कळतं तो क्षण पाहण्यासारखा असतो. तो काही बोलला नाही. वही पुढे सरकवून म्हणाला, "अजून एक द्या."

तुम्ही ज्याला प्रेरणा म्हणताय ती मी अशी येताना पाहिली आहे, काहीतरी जमल्यानंतर. काल अडत होतं ते आज आलं, हे मुलाला स्वतःला दिसलं पाहिजे, आणि तेही चार-पाच दिवसांत. सहामाहीच्या निकालापर्यंत थांबून चालत नाही. म्हणून मी प्रत्येकाच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून मिनिटभरात किती शब्द वाचले ते लिहायला लावते. स्पर्धा शेजाऱ्याशी नाही, मागच्या सोमवारशी.

एक मोठी चूक मी केली आहे, ती तुम्ही करू नका. पाचव्या-सहाव्या वर्षी मी हौसेने गट पाडले आणि बाकांच्या रांगा ठरवून दिल्या. आठवडाभरात एका रांगेला पोरांनी 'ढ लाइन' नाव पाडलं. दिवाळीनंतर त्या रांगेतल्या दोन मुली शाळेत आल्याच नाहीत. एकीच्या घरी गेले तेव्हा ती म्हणाली, "तिथे बसायचं नाही." आजही ते आठवलं की मला वाईट वाटतं. तेव्हापासून गट दर तीन आठवड्यांनी मोडते, जागा ठरलेली ठेवत नाही, आणि गणिताचे गट वाचनाच्या गटांपेक्षा वेगळे असतात. वाचनात मागे असलेला मुलगा हिशेबात दुसऱ्यांना शिकवतो, हे सगळ्यांना दिसायला हवं.

शिक्का किती खोल जातो याचा एक अभ्यास मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगते. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना वाट शोधायची कोडी सोडवायला दिली. कोणाची जात काय हे जाहीर केलेलं नसताना दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. सगळ्यांसमोर जात पुकारल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. तीच कोडी, तशीच मुलं. आपल्याकडे वर्गात जात कुणी पुकारत नसेल, पण "ही डम्पिंगची पोरं" हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत कितीदा ऐकलंय. या वस्त्यांना लागून असलेलं देवनारचं डम्पिंग ग्राउंड, म्हणजे कचऱ्याचं मैदान, १९२७ पासूनचं आहे. कचरा सगळ्या शहराचा, आणि ओळख चिकटते ती शेजारी राहणाऱ्या मुलांना. हे वाक्य तुमच्या वर्गाच्या दारातून आत येणार नाही एवढं तुम्ही नक्की करू शकता.

पालकांना पडलेली नाही, हे मला मान्य नाही. सभा किती वाजता असते? सकाळी अकरा, कामाचा वार? नाक्यावर उभा राहणारा माणूस अकराच्या सभेला आला तर त्याचा रोज बुडतो. घरकाम करणाऱ्या बाईचा खाडा पडतो. आणि इतकं करून आल्यावर काय ऐकतात? "तुमचा मुलगा काही करत नाही." दुसऱ्या वेळी कोण येईल? मी रविवारी दुपारी किंवा रात्री आठनंतर घरी जाते. हजेरीपट नेत नाही, मुलाच्या हातची वही नेते. त्या मुलाच्या आईला वाचता येत नव्हतं. मी त्याला तिच्यासमोर अर्धं पान वाचायला सांगितलं. ती पदराला हात पुसत उभी राहिली, मग खाली बसली, आणि म्हणाली, "परत वाच." त्या घरात शाळेविषयी कुणी काळजी करत नव्हतं असं मला कोणी सांगू नये.

नापास न करण्याबद्दल. २००९ च्या कायद्यात आठवीपर्यंत नापास न करण्याची तरतूद होती, २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला राज्यांना मुभा मिळाली आणि आपल्याकडेही आता त्या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आणि पुनर्परीक्षा आली. माझं मत सरळ आहे. नापास झालेल्याला त्याच वर्गात, तेच पुस्तक, त्याच पद्धतीने पुन्हा दिलं तर जोडाक्षरं येत नाहीत. फक्त तो वर्गात सगळ्यांत उंच होतो आणि त्याची लाज वाढते. सहकाऱ्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे, की काहीच न तपासता पुढे ढकलणं हाही मुलांवर अन्यायच होता. पण त्यावर उपाय तिसरीत तपासणं आणि तिसरीतच शिकवणं हा.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर मूल कुठे अडलंय ते एकट्यात तपासा, तिथून रोज थोडं पुढे न्या, त्याची प्रगती त्याला आठवड्याच्या आत दिसू द्या, शिक्का मारू नका. यातून वर्ग बदलतो, माझ्या अनुभवात साधारण दिवाळीपर्यंत. पण तुमची आठवी आहे, म्हणून दुसरा अर्धा भाग राहतो.

आठवीच्या मुलाला पुढचं दिसत नसतं. बाबासाहेबांचा फोटो अनेकांच्या घरात आहे, त्यांची गोष्ट मुलं आपल्यापेक्षा चांगली सांगतात. त्या गोष्टीत आणि आपल्या गल्लीत मधल्या पायऱ्या कुठल्या, हे त्यांना कोणी दाखवत नाही. शिक्षणहक्क कायदा १४ वर्षांपर्यंतच, बऱ्याच शाळा आठवीलाच संपणाऱ्या, आणि चौदावं लागलं की गाळ्यावर पूर्ण दिवसाचं काम मिळायला लागतं. तिन्ही गोष्टी एकाच जूनमध्ये येतात. मूल शाळा 'सोडत' नाही सर. दाखला हातात पडतो, तो घरी पत्र्याच्या पेटीत जातो, नववीचं नाव कुठे घालायचं हे ठरेपर्यंत जुलै संपतो आणि मग कुणी काढत नाही.

म्हणून मी एप्रिलमध्येच प्रत्येकाची नववीची शाळा कागदावर ठरवते. निकालानंतरच्या पहिल्या आठवड्यात पाच-सहा जणांचा घोळका करून स्वतः घेऊन जाते, अर्ज तिथेच भरतो. एका दुपारचं काम, पण गळतीवर मी केलेल्या सगळ्या उपायांत हाच सर्वांत जास्त लागू पडला. मुलींच्या बाबतीत जास्तच. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवर दिवसभर डंपर धावतात. तो ओलांडून नववीला जायचं तर घरून एकटीला परवानगी मिळत नाही, चौघी एकत्र असल्या तर मिळते. म्हणून मुलींचं नाव एकेकीचं घालू नका, चौघींचं मिळून एकाच शाळेत घाला. नव्या शाळेतलं स्वच्छतागृहही आधी पाहून घ्या. त्याच्यावाचून शाळा सुटलेल्या मुली मला माहीत आहेत.

एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज याच वर्षी भरायचा, आठवीतच. सातवीला ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५०, आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. ज्या घरात मुलगा महिन्याला दोन-तीन हजार आणतो तिथे महिना हजार रुपये कमी आहेत, हे मला कळतं. पण 'शाळेत राहिल्याचे पैसे' घरात आले की बापाचं बोलणं बदलतं, ते मी पाहिलंय. उत्पन्नाचा दाखला काढायला वेळ लागतो, पालकांना आत्तापासून सांगून ठेवा. परीक्षेत मानसिक क्षमतेचा एक पेपर असतो, तिथे ही मुलं चमकतात.

आणि व्याख्याता बोलवायचाच असेल तर त्याच गल्लीतला, चार वर्षांनी मोठा, बारावी किंवा आयटीआयला असलेला कुणीतरी बोलवा. तो सांगेल की दहावीला कुठे बसून अभ्यास केला, घरात टीव्ही चालू असताना काय केलं, फी किती लागली, पहिल्या वर्षी काय येत नव्हतं. पोरं त्याला एकेक प्रश्न विचारतात तेव्हा मी मागे बसून फक्त ऐकते.

काही गोष्टी आपल्या हातात नाहीत, तेही स्पष्ट लिहिते. घरातला टीबी, दारू, पावसाळ्यात घरात शिरणारं पाणी, तोडकामाची नोटीस, निवडणुकीच्या कामावर जाणारे आपलेच दिवस. ४१ पैकी सगळे पोचणार नाहीत. माझे कधीच सगळे पोचले नाहीत, आणि जे सुटले त्यांची नावं मला पाठ आहेत. तरीही पोचणाऱ्यांचा आकडा दरवर्षी सारखा नसतो, तो आपण काय करतो त्यावर बराच हलतो.

तो मुलगा दहावीला गणितात पास झाला, इंग्रजीत राहिला, जुलैच्या पुरवणी परीक्षेत सुटला. पुढे आयटीआयला फ्रिज-एसीचा ट्रेड घेतला. मागच्या उन्हाळ्यात आमच्या आठवीसमोर तोच बोलायला आला होता, आणि फळ्यावर 'रेफ्रिजरेशन' मराठीत लिहून त्यातलं जोडाक्षर पोरांकडून वाचून घेत होता.

सोमवारी वाचनाची तपासणी सुरू करा. ४१ पैकी किती अक्षरांवर, किती शब्दांवर आणि किती परिच्छेदावर निघाले ते आकडे आणि तुमच्या शाळेचं सत्र कळवा. गट किती पाडायचे आणि पाऊण तास कुठून काढायचा ते त्यावरून सांगता येईल.